कोतवाल कामावर आहे

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही पाटीवर. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मला कधी नीट कळलं नाही. अक्षर तर असं की वाण्याला सामानाची यादी पाठवली तर तो परत निरोप धाडतो, बाईंनाच येऊन वाचायला सांगा. पण हे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तो कागदावर तरी फुटतो का ते बघते आहे. माझी नणंद गोदावरी गेली त्याला आता दीड महिना होत आला. समाचाराला जो आला तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि उठताना एकच बोलून गेला... बिचारी सुटली. मी पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत बसलेली. दर वेळी वाटायचं, बाहेर जावं आणि सांगावं. गेले नाही. म्हणून इथे लिहिते. आमची गोदूताई बिचारी नव्हती.

तिला तापानं धरलं, छातीत कफ भरला, आणि इथल्या डॉक्टरांनी खांडव्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिचे मोठे भाऊ, म्हणजे माझे यजमान, तिला गाडीनं घेऊन गेले. कोतवालला गाडीत घेऊ देईनात, म्हणून तो घरी राहिला. कोतवाल म्हणजे तिचा कुत्रा. काळा, छातीवर जरा पांढरा, कान एक उभा आणि एक पडलेला. चौथ्या का पाचव्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला. हे एकटे उतरले, हातात तिची कापडी पिशवी. तिथेच अग्नी द्यावा लागला होता. कोतवालनं पिशवी हुंगली. मग टांग्याच्या मागच्या बाजूला गेला, दोन पाय वर टेकवून रिकामी बैठक हुंगली, आणि परत येऊन उंबऱ्याशी आपल्या जागी बसला. यांनी तोंड उघडण्याआधी मला कळलं होतं.

गोदूताईला जन्मापासून दिसत नव्हतं असं नाही. ती देडतलाईला सासरी होती, घरचं सगळं करत होती, आणि तिथे तिला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. बरी झाली तशी तिच्या सासऱ्यानं तिला बैलगाडीत घातलं, इथे बुऱ्हानपूरला शनवाऱ्याजवळच्या आमच्या गल्लीत आणून ओट्यावर बसवलं, गाठोडं शेजारी ठेवलं आणि पाणीसुद्धा न घेता गाडी वळवली. बैलांचे घुंगरू गल्लीच्या टोकापर्यंत तिला ऐकू येत राहिले. ती विचारत राहिली, मामंजी, कधी येता न्यायला? सांगायला कुणी नव्हतंच तिथे... माझं लग्न पुढच्या वर्षी झालं. मी या घरात आले तेव्हा ती मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. गल्लीतून बैलगाडी गेली आणि घुंगरू वाजले की तिचे हात गार पडायचे, कपाळाला घाम यायचा, ती भिंत पकडायची. सासूबाई, त्यांना घरात सगळे माय म्हणायचे, लगेच मीठमोहऱ्या ओवाळायच्या. त्याचा उपयोग व्हायचा नाही. घुंगरू पार लांब गेले की तीच हळूहळू माणसात यायची.

भिंतीपलीकडे मराठी शाळा होती. तिथल्या ओसरीवर वेताच्या खुर्च्या विणणारा एक म्हातारा कारागीर सुट्टीत येऊन बसायचा. भिजवलेल्या वेताचा वास मागच्या खोलीत यायचा. एक दिवस गोदूताई म्हणाली, "वहिनी, मले तिथं नेऊन बसव." मी नेलं. तिनं म्हाताऱ्याला विचारलं, हात लावू का? त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं अर्धी विणलेली खुर्ची तिच्या मांडीवर दिली. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरप्या, आणि मधे आठ कोनांचं भोक पडतं. डोळ्यांनी बघणाऱ्याला ते भोक दिसतं. तिला ते बोटाला लागायचं. ती सुट्टी संपेपर्यंत ती शिकली. पहिल्या खुर्चीवर बसणारा माणूस खाली गेला हे खरं आहे. दुसरीवर कुणी खाली गेलं नाही.

हवालदारबाबा आमच्याकडे आले ते खुर्चीपायीच. ते फोपनार गावचे, लढाईहून परत आलेले, आता लालबागला सूतगिरणीच्या फाटकावर पहारा करायचे. फाटकावरची खुर्ची फाटली म्हणून डोक्यावर घेऊन आले, मागे त्यांची कुत्री, राणी. गोदूताई ओट्यावर बसून खुर्ची चाचपत होती आणि तेवढ्यात गल्लीत बैलगाडी शिरली. घुंगरू... तिचे हात खुर्चीवर तसेच थांबले. मी आतून धावले, पण माझ्याआधी राणी उठली. ना भुंकली, ना चाटलं. सरळ जाऊन तिच्या गुडघ्याला अंग लावून रेलली, सगळं वजन टाकून. गोदूताईचा हात तिच्या पाठीवर पडला आणि तिथेच राहिला. गाडी निघून गेली. गोदूताईनं भिंत पकडली नव्हती.

"हे तुम्ही शिकवलं हिले?" तिनं विचारलं.

"माझ्यासाठी शिकवलं, बेटी," बाबा म्हणाले. "मिलचा भोंगा वाजला की मी अजून जमिनीवर झोपायला पाहतो. ब्रह्मदेशातच आहे असं वाटतं. मग ही येऊन रेलते. मग समजतं, नाही बाबा, हे बुऱ्हानपूर आहे."

ते पलटणीत कुत्री शिकवायचे. त्यांच्या गोऱ्या साहेबानं त्यांना सांगितलं होतं की विलायतेत लढाईत डोळे गेलेल्या शिपायांना कुत्री देतात. कुत्रं पुढे चालतं, शिपाई त्याच्या पट्ट्याची मूठ धरून गावभर फिरतो, नोकरी करतो. गोदूताईनं ते सगळं ऐकून घेतलं. खुर्ची विणून दिली तेव्हा मजुरी घेतली नाही. म्हणाली, "राणीले पिल्लं झाली की एक मले द्या. आणि मले शिकवा."

त्याच सुमारास मंदिराचे कारभारी, नाना, एक दिवस घरी आले. गल्लीनं वर्गणी काढली होती. मोठ्या शहरातल्या अंधाश्रमात गोदूताईला ठेवायचं, तिथली भरती आणि प्रवास असा सगळा खर्च त्यात निघणार होता. यांनी नानांचे पाय धरले. यांना मी दोष देत नाही, सुताच्या पेढीवरचा मुनीम माणूस, घरात म्हातारी आई, डोळे गेलेली बहीण, नवी बायको. पण गोदूताई भिंतीच्या आधारानं बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"नाना, हे पैसे कोणाचे?"

"तुझेच, बाई. तुझ्यासाठी लोकांनी धर्म केला."

"माझे असतील तर मले द्या. मी आश्रमात जात नाही. वेत घेईन, कुत्र्याचं खाणं करीन, काम करून फेडीन. उसने म्हणून घेते."

"अगं, उसने कायले? दान आहे हे."

"दान असंल तर घेऊन जा."

नाना यांच्याकडे बघू लागले, हे जमिनीकडे. शेवटी नानांना वाटलं असावं की आंधळीच्या बोलण्याला काय एवढं, दोन महिन्यांत स्वतःच आश्रम मागेल. पैसे ठेवून गेले. हे मात्र रात्रभर धुसफुसले आणि सकाळी त्यांनी बजावलं, "तुझं ते कुत्रं तुले कामावर नेऊन आणत असंल तर ठीक. एकदा जरी कुठं पडलीस तर आश्रम. मग मी ऐकणार नाही." ती म्हणाली, बरं. त्या एका शब्दावर पुढची सगळी वर्षं उभी राहिली.

पिल्लाचं नाव यांनीच ठेवलं, चिडून. छाती काढून चालायचं म्हणून म्हणाले, आला मोठा कोतवाल. बाबांनी त्याला वर्षभर लालबागला ठेवून घेतलं. पायरी आली की थांब, नाली आली की थांब, शेळी दिसली तरी पळू नको, दुसरं कुत्रं भुंकलं तरी वळू नको. मग बाबा स्वतःच्या डोळ्यांना गमछा बांधून त्याच्याबरोबर बाजारातून चालायचे. लोक हसायचे. बाबा दोनदा भाजीवालीच्या पाटीत पडले. तिनं घातलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. मग एक दिवस ते कोतवालला घेऊन आमच्या दारात आले आणि म्हणाले, "हा शिकला. आता तुझी पाळी." कातड्याचा पट्टा चांभाराकडून करून आणला होता, त्याला वर वाकवलेली काठीची मूठ. ती मूठ हाताला बोचते म्हणून गोदूताईनं तिच्यावर वेताची साल गुंडाळली, खुर्चीच्या हाताला गुंडाळतात तशी, घट्ट, एकाला एक लागून.

तिला शिकायला कोतवालपेक्षा जास्त त्रास झाला. तो थांबला की ती त्याला पुढे ढकलायची. रस्ता मोकळा आहे असं तिला ऐकू यायचं, मग हा का थांबला? बाबा ओरडायचे, "थांबला की थांबायचं. का ते मागून विचार." एकदा ती ऐकेना, तेव्हा त्यांनी तिचा हात धरून पुढे खाली नेला. कोतवालच्या नाकासमोर खोदून ठेवलेला खड्डा होता, पाण्याच्या नळासाठी. त्या दिवशी घरी येऊन ती मला म्हणाली, "वहिनी, देवी आल्यापासून सगळे मले म्हणतात, चाल, आम्ही आहोत. हा पहिला आहे जो म्हणतो, थांब." मला तेव्हा त्याचा अर्थ पुरता कळला नाही. आता कळतो.

पट्टा चढवला की काम, पट्टा काढला की खेळ, हा बाबांचा नियम. पट्ट्यात असताना त्याला कुणी हात लावायचा नाही, कुणी काही खाऊ घालायचं नाही, घरच्यांनीसुद्धा नाही. पट्टा काढला की तो अंगणात लोळायचा, माझी चप्पल पळवायचा, मायच्या वाळवणावर बसायचा. पट्टा दिसला की उभा राहायचा, तोंड मिटून, पेढीवर निघालेल्या माणसासारखा.

ती पहिल्यांदा एकटी बाहेर पडली तेव्हा अख्खी गल्ली ओट्यांवर होती. चौकातला टांगेवाला म्हणाला, "गोदूबाई, कुत्र्याच्या भरवशावर निघालीस?"

"तुझ्या घोड्याच्या डोळ्यांवर झापडं आहेत, भाऊ," ती म्हणाली, "तरी तू त्याच्या भरवशावर पोट भरतोस. माझ्याचे दोन्ही उघडे आहेत."

टांगेवाला बराच वेळ हसत राहिला. पुढे तोच रोज ओरडून रस्ता करून द्यायचा, कोतवालसाहेबांची स्वारी येऊन रायली, बाजूला व्हा.

मग राज्य बदललं. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, भाषेवरून मुलुख वेगळे झाले, आमच्या बोलीची माणसं तापीकाठानं पलीकडे गेली आणि आम्ही अलीकडे राहिलो. बाहेर चौकात पुष्कळ भाषणं झाली. घरात आम्हाला त्यातलं एवढंच कळलं की कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या आणि सामान इकडून तिकडे गेलं. मालमोटारींतून आपटत आलेल्या सरकारी खुर्च्यांच्या जाळ्या फाटल्या होत्या. एवढं काम गावात कधी निघालं नव्हतं. बाबांनी कचेरीतल्या बाबूच्या कानावर गोदूताईचं नाव घातलं. बाबू म्हणाला, येऊ दे, पण वेळेवर आली पाहिजे, नाही तर मी खांडव्याहून माणूस बोलावतो.

पहिल्या दिवशी चपराशानं तिला फाटकावर अडवलं. "कुत्ता अंदर नहीं जाएगा."

"मग मी खुर्च्या घरी नेऊ?"

"सरकारी माल बाहर नहीं जाता."

"मग मले आत यावं लागंल. आणि माझे डोळे माझ्याबरोबर येतील. तुमचे तुम्ही फाटकावर ठेवून जाता का?"

बाबू ऐकत होता. त्यानं हात केला. तेव्हापासून ती कचेरीच्या व्हरांड्यात बसून विणायची आणि कोतवाल तिनं पुरी केलेल्या खुर्चीखाली झोपायचा. महिनाअखेरीस ती मंदिरात जायची, नानांच्या हातावर थोडे थोडे ठेवायची आणि परत यायची. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, त्या दिवशी तिची चाल वेगळी असायची.

घात झाला तो लोकांच्या चांगुलपणानं. कोतवाल काळा. काळ्या कुत्र्याला शनिवारी तेल लावलेली पोळी घातली की शनीची पीडा टळते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यात हा आंधळीला वाट दाखवतो, आणि नाव कोतवाल, भैरवालाही कोतवालच म्हणतात. बायकांनी आपापसात ठरवून टाकलं की हा साधा कुत्रा नाही. शनिवारी गोदूताई कामाला निघाली की दाराआडून हळूच एक पोळी खाली पडायची. तिला दिसायचं नाही, आणि कुणी बोलायचं नाही, बोलून पुण्य कमी होतं म्हणून. एकीनं त्याच्या कपाळाला शेंदूर लावला. कोतवाल शेवटी कुत्रा होता. तो दारादाराशी रेंगाळू लागला, मग शनिवारच काय, सोमवारीही. गोदूताईला वाटायचं पुढे काही आहे म्हणून थांबला. ती थांबायची. कचेरीत उशीर होऊ लागला. बाबूनं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं.

आणि एका शनिवारी त्यानं गटाराच्या पलीकडे टाकलेली पोळी बघितली आणि ओढ घेतली. ती उघड्या गटारात पडली. उजवा हात मनगटापासून सुजला. तिचा विणायचा हात. गल्लीतल्या बायका हळहळल्या, बघा, शनी, म्हणाल्या. हे पेढीवरून आले, एकदा हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "ठरलं होतं." आणि दुसऱ्या दिवशी आश्रमाला पत्र टाकतो म्हणाले. गोदूताईनं कोतवालला जवळ घेतलं. मला वाटलं मारते की काय. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हुंगलं. तिळाच्या तेलाचा वास होता, मेथीची पूड घातलेल्या पोळीचा. गल्लीत पोळीला मेथी लावणारं एकच घर होतं.

"माय," तिनं हाक मारली. "आजची पोळी तुझी होती?"

माय चुलीशी होत्या. त्यांनी लाकडं आत सारली. मग म्हणाल्या, "मी मानता केली आहे. याच्या मुखातून शनीले जाते ती पोळी. तुझे डोळे मागितले मी. आईनं मागू नये का?"

मला आतल्या आत रडू यायला लागलं. गोदूताई रडली नाही. तिचा आवाज चढला नाही, पण इतका कडक मी कधी ऐकला नव्हता. "माय, माझे डोळे गेले. ते येत नाहीत. मी ते मागणं सोडलं, त्या दिवसापासून मी चालायला लागले. तू मागत राहशील तर हा देव होईल आणि मी परत त्या मागच्या भिंतीले जाईन. मले देव नको. देव पुष्कळ आहेत. मले कामावर नेणारा पाहिजे."

माय त्या रात्री जेवल्या नाहीत. यांनी पत्र लिहायला घेतलं होतं, माय उठल्या आणि दौत उचलून आत घेऊन गेल्या. एवढंच.

हवालदारबाबा आले, त्यांनी कोतवालला महिनाभर पुन्हा गल्लीतून फिरवलं, पोळी समोर टाकून. तो सुधारला. गोदूताईच्या हाताची सूजही उतरली. बाबूनं खांडव्याचा माणूस बोलावला नव्हता, दोन-चार खुर्च्या त्यानं तशाच ठेवल्या होत्या. पण गल्ली कोण सुधारणार? शनिवार उजाडला. गोदूताई पट्टा चढवून निघाली, तर माय तिच्या आधी ओट्यावर येऊन बसलेल्या, हातात वाळवणाची काठी. समोरच्या काकू दाराआडून वाकल्या तशी माय म्हणाल्या, "ए, ती पोळी आत ने."

"अवो माय, देवाचं काम आहे."

"त्याचं त्याले काम आहे. माझ्या पोरीचा कोतवाल कामावर आहे. तुले पुण्यच करायचं असंल तर त्या गटारावर फरशी टाक."

दर शनिवारी माय बसल्या. पाऊस असला तर डोक्यावर पोतं घेऊन बसल्या. बायका आधी रागावल्या, मग लाजल्या, मग एक दिवस समोरच्या काकूंच्या मुलानं खरंच एक फरशी आणून गटारावर टाकली. पुढच्या शनिवारी आणखी एक. आमच्या गल्लीइतकं झाकलेलं गटार त्या वेळी अख्ख्या शनवाऱ्यात नव्हतं. नगरपालिकेनं ते केलं असं आता लोक सांगतात.

त्यानंतर ती पडली नाही. स्टेशनच्या मुसाफिरखान्यातल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या किती खुर्च्यांवर गाव बसलं आणि उठलं, कुणाच्या हातच्या आहेत ते ठाऊक नसताना. माय गेल्या, मग हवालदारबाबा गेले. बाबांच्या अंत्ययात्रेला ती स्वतः चालत लालबागला गेली. मिलचा भोंगा वाजला तेव्हा कोतवाल तिला सोडून तिरडीकडे एक पाऊल गेला, आणि पट्ट्यात आहे हे आठवून परत आला. बैलगाडीचे घुंगरू तिला शेवटपर्यंत सहन झाले नाहीत. ते वाजले की तो थांबायचा, रेलायचा, आणि ती भर रस्त्यात त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. लोकांनी बघितलं तर बघितलं. गाडी गेली की ती म्हणायची, "चल रे." कुणी हात धरायला आलं तर म्हणायची, नको, आमचं झालं.

आणि समाचाराला सगळे म्हणाले, बिचारी.

नानाही आले होते. थकले आहेत आता. यांना म्हणाले, थोडेसेच राहिले होते गोदावरीचे, ते आता मंदिरानं सोडले समजा. दान म्हणा. यांनी मान हलवली. मी आतून ऐकलं. म्हणजे एवढी वर्षं ती जे हातानं ढकलत आली ते ती गेल्यावर तिच्या अंगावर घालणार. मागच्या खोलीत स्टेशनमास्तरांची खुर्ची होती, उभ्या-आडव्या पट्ट्या झालेल्या, तिरप्या राहिलेल्या. मी वेत भिजत घातला. एवढी वर्षं तिला साली काढून देता देता माझ्या हातांनी बघून घेतलं होतं. दोनदा उसवली. तिसऱ्यांदा मधलं भोक बोटाला लागलं, आठ कोनांचं. डोळे मिटून बघितलं, लागलं. यांनी खुर्ची पोचवली आणि मजुरी माझ्या हातावर आणून ठेवली. कशाची ते विचारलं नाही. मी सांगितलं, नानांकडे मी जाते.

मी लग्नानंतर एकटी बाजारातून कधी गेले नव्हते. पट्टा खुंटीवर होता. मुठीवरची वेताची साल तिच्या बोटांनी काळी आणि गुळगुळीत झाली आहे, चार बोटांच्या चार जागा, अंगठ्याची एक. माझी बोटं तिथे बसली नाहीत, माझा हात लहान आहे. कोतवाल म्हातारा झाला आहे, दीड महिना उंबऱ्यावरून हलला नव्हता. पट्टा बघितला आणि उठून उभा राहिला. फरशी आली, थांबला. चौक आला, थांबला. मला सगळं दिसत होतं, तरी मी थांबले. बाजारात ओळखीची माणसं बघायला लागली, माझं पाऊल पुढे पडेना, तसा तो रेलला. सगळं वजन टाकून. मी उभी राहिले. मग म्हटलं, "चल रे."

नाना मंदिराच्या पडवीत बसले होते. आधी कोतवाल दिसला, मग मी. गहिवरले. प्रसादाच्या ताटातला पेढा उचलून त्याच्यापुढे वाकले.

"नको, नाना," मी म्हणाले. मी या माणसाशी आयुष्यात बोलले नव्हते. "तो कामावर आहे."

त्यांनी पेढा मागे घेतला. मी पदराची गाठ सोडली आणि पैसे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मला सांगितलं की ते सोडले आहेत, घरी ने, पोराबाळांना होतील. मी उचलले नाहीत. उभी राहिले. कोतवालही उभा राहिला. आम्ही दोघंही हललो नाही तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि मोजले.

"ठीक आहे, सूनबाई. फिटले."

"कोणाचे ते म्हणा."

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या मुठीकडे. पडवीत चार माणसं बसली होती, सगळी ऐकत होती. नाना मोठ्यानं म्हणाले, "गोदावरीचे. सगळे फिटले."